गाडी बसली बांधावर

कुठलीही गाडी माझ्यासमोर आणा, दहा मिनिटांत तिचं दुखणं सांगतो! हसू नका. तेहतीस वर्षं खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होतो, त्यातली शेवटची अकरा हेडमेकॅनिक. बस फाटकातून आत वळली की नुसत्या आवाजावरून सांगायचो, मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय की ड्रायव्हरचं बायकोशी भांडण झालंय. आता रिटायर होऊन मानपाड्याला घरी बसलोय. माझी बायको लक्ष्मी म्हणते, "एवढे मोठे मेकॅनिक, मग घरातला मिक्सर वर्षभर मुका का?" पण मिक्सरला चाकं नसतात, हे तिच्या लक्षात येत नाही.

तर झालं असं, की आमच्या मालूआत्याने हट्ट धरला.

मालूआत्या म्हणजे माझ्या बापाची सख्खी बहीण. चौऱ्याऐंशी वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेले, पण आवाज असा, की हाक मारली तर खाडीपलीकडचा माणूस "ओ" देईल! दिवा स्टेशनच्या पुढे खाडीकाठी आमच्या गाववाल्यांचं मिठागर होतं. आत्याची हयात तिथे गेली. मिठागर बंद पडूनही तीसेक वर्षं झाली. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, तशी आत्या मला म्हणाली, "सहदेवा, कापाकापी करण्याआधी माना एक डाव मिठागर दाव. मंग काय व्हायचा तो होऊ दे."

आता आत्याला न्यायचं कसं? तिला उंच गाडीत चढता येत नाही, आणि खाडीच्या बांधावर बसकी गाडी जात नाही. तेव्हा पुढे आला माझा पुतण्या प्रफुल्ल. त्याने नुकतीच एक जुनी परदेशी गाडी घेतली होती, डोंगरदऱ्यांत फिरायची. रणगाड्याची धाकटी बहीणच!

"काका, हिला हायड्रॉलिक सस्पेन्शन आहे. बटण दाबलं की खाली बसते, बटण दाबलं की वर उठते. आतमध्ये ऑइलचा पंप आहे."

त्याने बटण दाबलं. गाडीने "हुस्सऽऽ" केलं आणि चारही चाकांवर हळूच खाली आली. आत्या काठी टेकून बघत होती. तिने चक्क हात जोडले.

"अगो बाय! ही गारी माझ्या पाया परते!"

आणि आत्या आरामात आत जाऊन बसली, पालखीत देव बसावा तशी.

निघताना प्रफुल्ल म्हणाला, "काका, परवापासून एक लाल दिवा मधेच लागतोय. इथे गॅरेजवाला जयेश आहे, त्याला लॅपटॉप लावून बघायला सांगू?"

"लॅपटॉप?" मी म्हणालो. "अरे, गाडी तपासायची की तिचं तिकीट काढायचंय? मी आहे ना! चल!"

इथेच चुकलो. पण पांढराशुभ्र सदरा-लेंगा घातलेला, पुढच्या सीटवर बसलेलो, मागे आत्या. अशा वेळी माणसाला माघार घेववत नाही.

शिळफाट्याचा ट्रॅफिक ओलांडून आम्ही खाडीकडे वळलो. आत्या खिडकीतून टॉवर मोजत होती आणि प्रत्येक टॉवरच्या जागी पूर्वी कुणाचं शेत होतं ते सांगत होती. "ह्या नाथाची भातखाचरा. ती लिफ्ट दिसते ना, तिथं त्याची म्हस बांधलेली असायची."

"आता आत्या, डावीकडून बांध लागेल," मी म्हणालो. "रस्ता मला तोंडपाठ आहे. लहानपणी शंभर वेळा आलोय!"

बांध लागला. प्रफुल्लने बटण दाबलं, गाडी उंच झाली. दोन्ही बाजूंना चिखल आणि तिवरांची झाडं, मधे आम्ही. आत्या खूश, मी खूश. आणि एका खड्ड्यात मागचं डावं चाक धाडकन आदळलं!

लाल दिवा लागला. गाडी मागून डावीकडे हळूहळू बसायला लागली. पुढचा उजवा कोपरा मात्र तसाच वर. खांबापाशी कुत्रं उभं असावं तशी दिसत होती!

"काका..." प्रफुल्लचा चेहरा पडला.

"घाबरू नको!" मी बाह्या सरसावल्या. आत्याला उतरवलं, डिकीतली प्लॅस्टिकची खुर्ची बांधावर मांडली, तिला बसवलं. बॉनेट उघडलं. आत बघतो तर सगळं काळ्या झाकणांखाली! आमच्या एसटीचं इंजिन कसं, बॉनेट उघडलं की कुटुंबातल्या माणसांसारखं समोर बसलेलं असायचं. इथे सगळेच बुरख्यात.

प्रफुल्लने गुपचूप जयेशला फोन लावला. नेटवर्क येऊन-जाऊन. फोनमधून तुकडे ऐकू आले, "...लो... ऑइल... बघा... लो..."

"ऐकलंस?" मी टाळी वाजवली. "ऑइल लो आहे! मी तेच म्हणणार होतो!"

ऑइलच्या टाकीत बघितलं. खरंच पातळी खाली! डिकीत प्रफुल्लने ऑइलचा डबा ठेवलेलाच होता. सगळा ओतला. टाकी काठोकाठ भरली. मला असं समाधान वाटलं, जसं पंगतीत शेवटच्या माणसाला वाढून झाल्यावर वाटतं.

"आता गाडी एकदा खाली बसव आणि परत उठव. दोन उठाबशा काढल्या की ऑइल सगळीकडे पोचेल."

"काका, टाकीचं झाकण..."

"बसव रे!"

बसवली. आणि तुम्हाला सांगतो, गाडी उंच असते तेव्हा निम्मं ऑइल चाकांपाशी गेलेलं असतं, म्हणून टाकी रिकामी दिसते. गाडी बसली की ते सगळं टाकीत परत येतं. जयेश बिचारा सांगत होता, "आधी गाडी लो करा, मग ऑइल बघा." हे मला कळलं, पण कधी? टाकीतून कारंजं उडालं तेव्हा! सदरा, मिश्या, चष्मा, सगळं तेलात. पापडासारखा उभा होतो, फक्त तळायचा बाकी!

आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. अशी हसत होती, की खुर्चीचे पाय चिखलात रुतले.

गाडी आता पोटावर बसली होती, आणि उठायचं नावच घेत नव्हती. प्रफुल्लने दहा वेळा बटण दाबलं. लाल दिवा नुसता डोळे मिचकावत होता. मागे फिरायलाही जागा नाही.

तेवढ्यात आत्याचं हसू थांबलं. तिने पायाशी बघितलं.

"सहदेवा, आज अमुश्या नाय का रे?"

अमावास्या! दुपारची मोठी भरती! खाडीकाठी जन्मलेला माणूस मी, आणि तिथी न बघता निघालेलो! बांधाच्या कडेला पाणी बोटभर सरकत होतं. गाडी गेली तर प्रफुल्लचं काय, आणि आत्याला खांद्यावर घेऊन पळायचं म्हटलं, तर माझे गुडघे तरी कुठे धड आहेत?

"काका, काहीतरी करा!" प्रफुल्ल रडकुंडीला आलेला.

मी काय करणार? तेहतीस वर्षांची अक्कल तेलात वाहून गेली होती. आणि आत्या खुर्चीवरून वाकून मागच्या चाकाकडे बघत होती.

"ती दांडी कसली लोंबतेय?"

"काही नाही आत्या, फालतू असेल."

"फालतू?" आत्या चिडली. "अरे, तुझ्या बापाशीनी पन असाच केलेला! मिठागराच्या दरवाज्यापाशी काठी असायची, पानी किती हाय ते दावायला. एक दिस ती काठी सुटली आणि वर तरंगली. तुझा बाप म्हनतो, पानी जास्ती झाला! सोड पानी, सोड पानी! भरतीचा पानी साठवायचा सगला कुंडा सुका करून ठेवला! पानी कमी नव्हता रे, काठी खोटा बोलत होती!"

प्रफुल्लने डोक्यावर हात मारला. "काका! हाइट सेन्सर! त्याची दांडी सुटलीये! गाडीला वाटतंय तो कोपरा वर आहे, म्हणून ती त्याला सारखं खाली बसवतेय!"

मग मात्र हात चालले. आधी इंजिन बंद. फळी टाकून जॅक लावला, गाडी जरा उचलली, बाजूला दगड रचले. मी चिखलात आडवा झालो आणि चाकामागे हात घातला. वीतभर दांडी, तिचा टोकाचा सांधा निखळलेला. जागेवर बसत होती, पण टिकत नव्हती.

"प्रफुल्ल, दोरी दे!"

"दोरी नाहीये."

"वायर? रबर? काहीतरी?"

काहीच नव्हतं. एवढी मोठी गाडी, आठ कपहोल्डर, आणि दोरीचा तुकडा नाही! मी क्षणभर विचार केला, डोळे मिटले आणि लेंग्याची नाडी ओढून काढली. डेपोत शिकलेली गाठ घातली. पाणी एव्हाना माझ्या कोपराला लागत होतं. उठलो, एका हाताने लेंगा धरला, दगड आणि जॅक काढायला लावले आणि म्हणालो, "इंजिन चालू कर आणि दाब बटण."

आत कुठेतरी पंप घुरघुरला. लाल दिवा विझला. आणि चिखलातून म्हैस उठावी तशी गाडी सावकाश, अंग झटकत, चारही पायांवर उठली! सांडलं होतं ते माझं जास्तीचंच ऑइल, तिला लागणारं तिच्याकडे होतं. प्रफुल्लने मला मिठी मारली. त्याचाही शर्ट गेला.

पाचच मिनिटांत मिठागर आलं. म्हणजे मिठागर होतं ती जागा. सगळीकडे तिवरं माजलेली. आमचं पाणी आत घ्यायचं दार होतं, त्याचे दोन दगडी खांब तेवढे उभे. आत्या एका खांबाला टेकून उभी राहिली.

"इथं मिठाची रास असायची," ती म्हणाली. "तुझी आय टोपली भरायची, मी डोक्यावर घ्यायची. आणि तुला त्या तिथं झोलीत टांगलेला. उन्हान मीठ असा चमकायचा, तू डोले मिटून रडायचास."

मला झोळी आठवत नाही. पण आईच्या तळहातांच्या भेगा आठवतात. मीठ लागून त्या कधी भरल्याच नाहीत. रात्री ती त्यात खोबरेल चोळायची आणि मी शेजारी बसून फुंकर घालायचो. तेव्हा मला वाटायचं, सगळ्यांच्या आयांचे हात असेच असतात.

आत्याने खांबावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं. डोळे बारीक केले.

"आजून खारा हाय."

मी पण बोट लावून बघितलं. माझ्या बोटाला ऑइलचीच चव होती, पण मी मान हलवली.

तेवढ्यात तिवरांच्या मागून "पॉं पॉं" आवाज आला. आम्ही तिघांनी वळून बघितलं. झाडं बाजूला सारली, तर पलीकडे गुळगुळीत डांबरी रस्ता! रस्त्यावर पाटी, पाटीखाली रिक्षा रांगेत उभ्या! पहिला रिक्षावाला हात दाखवून ओरडला, "चला आजी, दिवा स्टेशन! दोनच सीट बाकी!"

आत्याने त्याला विचारलं, "हा रस्ता कवा झाला रे पोरा?"

"झाली की सहा-सात वर्षं!"

आत्याने माझ्याकडे बघितलं. तेलाने काळा सदरा, चिखलाने भरलेली पाठ, एका हातात धरलेला लेंगा. ती काठी टेकत टेकत गेली, रिक्षात बसली आणि मग म्हणाली, "बरा झाला. आथा रस्ता गावला. ऑपरेशन होऊ दे, मंग म्हयन्या-म्हयन्याला येव."

बांधाचं पुढचं टोक त्याच रस्त्याला लागत होतं, प्रफुल्ल तिथून एकटाच गाडी घेऊन मागून आला. त्या रिक्षातली दुसरी सीट कुणी घेतली, हे तेवढं विचारू नका.