सात नंबरची गोगलगाय

परीक्षेच्या दिवशी सकाळी नवीन मॅडम हातात पाण्याचा फवारा घेऊन जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकेका टेबलाशी थांबत फिरत होत्या. या कॉलेजात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण नोकरी कच्चीच राहिली होती, आणि नोकरी कच्ची म्हणून त्याही नवीनच राहिल्या होत्या. आज दोन्हीचा निकाल लागायचा होता. बाहेरून येणारे परीक्षक प्रात्यक्षिक परीक्षा बघणार, मॅडमच्या कामावर अहवाल देणार, आणि त्या अहवालावर मॅडम एक तर पक्क्या होणार नाही तर घरी बसणार. घरी आई होती. लोकांचे कपडे शिवून शिवून तिची नजर अधू झाली होती, हल्ली सुईत दोरा ओवायलाही लेक लागायची. "तू पक्की झालीस की मशीन झाकून टाकते आणि वर फुलदाणी ठेवते," असं ती म्हणायची. फुलदाणी आणूनसुद्धा ठेवली होती.

पहिल्या वर्षाच्या मुलांचं हे पहिलंच प्रात्यक्षिक, सजीवांची विविधता. खिडकीच्या कडेनं काळी टेबलं, त्यांवर ओळीनं नमुने आणि प्रत्येकापुढे नंबराची पाटी. शैवालाची काचपट्टी, मॉसचा गादीसारखा तुकडा, अळंबी, स्पंज, बाटलीतला तारामासा, ताटलीत गांडूळ, कुंडीत नेचा. मुलानं नमुन्यापुढे उभं राहायचं, जीव ओळखायचा, त्याचा गट आणि कारण लिहायचं, आणि घंटा झाली की पुढच्या टेबलाकडे सरकायचं. मॅडमना ही रांग म्हणजे दूरदूरचा गोतावळा एका खोलीत जमल्यासारखी वाटायची. कुणाला डोळे नाहीत, कुणाला पाय नाहीत, कुणाला तर तोंडच नाही, पण सगळे एकाच दारातून आलेले आणि सगळ्यांचा पोशिंदा एकच. वर्गातही त्या असंच शिकवायच्या, आणि शिकवता शिकवता त्यांचा आवाज कधी कधी गाण्याच्या काठापर्यंत जायचा.

सातव्या टेबलावर गोगलगाय होती. विभागातली फॉर्मालीनमधली जुनी गोगलगाय झिजून झिजून नुसता शंख उरला होता, म्हणून मॅडमनी आईच्या कुंडीमागून ही जिवंत उचलून आणली. कोरड्यात ठेवल्यावर ती शंखात शिरली, दारावर कागदासारखा पापुद्रा ओढला आणि झोपली. इतकी गाढ झोपली की मॅडमनी तिच्या काचेच्या बशीवर झाकणही ठेवलं नाही. झोपलेल्या पाहुणीला कोंडायचं कशाला.

त्या सकाळी मॅडमनी मॉस टवटवीत दिसावा म्हणून त्यावर पाणी मारलं. नेच्यावर मारलं, अळंबीवर मारलं. मग सातव्या टेबलाशी आल्या, आणि सगळ्यांत हिला एकटीलाच कोरडं ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. तिच्यावरही दोन फवारे मारले. ऐकणाऱ्यानं हे दोन फवारे लक्षात ठेवावेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. गोगलगाय कोरड्यात झोपते आणि ओल लागली की उठते, हे मॅडमनी मुलांना मागच्याच महिन्यात शिकवलं होतं. फळ्यावर चांगलं चित्र काढून.

परीक्षकांना आसपासच्या सगळ्या कॉलेजांत 'कात्री सर' म्हणत, कारण गुण कापण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. निवृत्त झाले तरी धार गेली नव्हती. ते आले, टक्कल झाकणारी राखाडी हॅट काढली आणि उभ्या उभ्या आपले नियम सांगितले. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत कुणी बोलायचं नाही, म्हणजे मुलांनीही नाही आणि मास्तरांनीही नाही. नमुन्याला कुणी हात लावायचा नाही. टेबलावर नमुन्याखेरीज काडीसुद्धा नको. मागं एका कॉलेजात परीक्षा चालू असताना कुणा प्राध्यापकानं नुसतं एक पान उलटं करून ठेवलं, तर यांनी सगळी परीक्षा रद्द केली होती. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी आपली हॅट सातव्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली.

विभागप्रमुख सर दारात उभे राहून कपाळ पुसत होते. त्यांना घाम यायला कारण लागत नसे. "काही गडबड नाही ना?" असं त्यांनी सकाळपासून मॅडमना इतक्यांदा विचारलं होतं की मॅडमना आता गडबड असल्यासारखंच वाटू लागलं होतं.

प्रयोगशाळेच्या मावशींनी घंटा दिली. मुलं सरकू लागली. पेनं कुरकुरत होती, बाकी शांत. काही घंटा झाल्या आणि मॅडमची नजर सहज सातव्या टेबलाकडे गेली. शंखाच्या दारावरचा पापुद्रा दिसत नव्हता. त्या बघत असतानाच आतून एक ओलं अंग हळूच बाहेर आलं, मग दोन शिंगं वर झाली, आणि शिंगांच्या टोकांवरचे डोळे खोलीभर फिरले. नंतर गोगलगाईनं बशीच्या काठाला पाय लावला.

बोलायची सोय नव्हती, हात लावायची सोय नव्हती. त्या भिंतीशी उभ्या होत्या, कात्री सर मुलांच्या पाठीमागून येरझारा घालत होते आणि गोगलगाय काठ ओलांडत होती. संकटं मॅडमनी पाहिली नव्हती असं नाही, पण इतकं सावकाश कोसळणारं संकट त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एका घंटेला ती काठावर होती. पुढच्या घंटेला टेबलावर उतरली. बशीपुढे आलेल्या मुलानं बशीकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी छताकडे पाहिलं. मुलानं मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मनातल्या मनात मॅडमनी देवाला हाक मारली, पण त्या वेळी देव बहुधा गोगलगाईची हाक ऐकत असावा, कारण तिची वाट सरळ होती आणि मधे एकही अडथळा नव्हता. काळ्या टेबलावर चकचकीत रेघ ओढत ती निघाली ती थेट त्या राखाडी हॅटकडे. नव्या नवरीनं पहिल्यांदाच सासरचा उंबरा ओलांडावा तशी ती हॅटच्या काठावर अडखळली, थांबली आणि आत गेली.

घंटेपाशी बसलेल्या मावशींनीही हे सगळं पाहिलं होतं. त्यांनी हनुवटीनं आधी बशी दाखवली, मग हॅट दाखवली, मग कपाळावर हात मारून घेतला. ते नेमकं विभागप्रमुखांनी टिपलं. पाय न वाजवता ते सातव्या टेबलापर्यंत आले, रिकामी बशी पाहिली आणि जागीच पांढरे पडले. पण माणूस घाबरला की त्याचे हात स्वतःच्या बुद्धीनं चालू लागतात. कात्री सरांची पाठ होती तेवढ्यात त्यांनी मागच्या कपाटातलं काचेचं झाकण घेतलं, बशीवर बेतानं ठेवलं आणि दारात परत येऊन कपाळ पुसू लागले. निदान बशी उघडी तरी दिसायला नको, एवढाच त्यांचा हिशेब.

पण त्यामुळे झालं भलतंच. आतापर्यंत बशी नुसती रिकामी होती. आता ती जपून झाकलेली रिकामी बशी झाली. तिच्यापुढे येणारं प्रत्येक मूल वाकून, डोळे बारीक करून आत बघू लागलं, आणि आत काहीतरी फार मौल्यवान आहे पण आपल्यालाच दिसत नाही, अशा समजुतीनं घाईघाईनं लिहू लागलं.

एवढ्या मुलांना वाकताना पाहून शेवटी कात्री सरही वाकले. झाकणातून पाहिलं. चष्मा काढून पाहिलं. मग ताठ होऊन त्यांनी मॅडमकडे बोट केलं आणि तोंड उघडलं. पण शेवटची घंटा अजून व्हायची होती, नियम त्यांचाच होता. उघडलेलं तोंड त्यांनी तसंच मिटलं आणि खिशातल्या वहीत काहीतरी खरडलं. ते जे काय लिहीत होते, ते मॅडमना आपल्या आईच्या मशीनवर खरडल्यासारखं वाटलं.

शेवटची घंटा झाली. मुलं बाहेर पडली. कात्री सर खुर्चीत बसले आणि बाकीचं सगळं बाजूला ठेवून फक्त सातव्या नंबरची उत्तरं वाचत सुटले. मॅडम आणि विभागप्रमुख समोर उभे होते. पहिल्या मुलांनी सरळ गोगलगाय लिहिलं होतं. मग एकानं लिहिलं होतं, गोगलगाय, पण निघण्याच्या तयारीत. त्यापुढच्यानं लिहिलं होतं, विषाणू, कारण डोळ्यांना दिसत नाही. एकीनं लिहिलं होतं, नामशेष झालेला जीव. एकानं लिहिलं होतं, हवा, आणि कारणाच्या जागी आधी काही लिहून खोडलं होतं. आणि अगदी शेवटी एका मुलीनं लिहिलं होतं की प्राणी हजर नाही, पण काचेवर सुकलेली चिकट रेघ आहे, तेव्हा ती गोगलगाय असावी, गट मृदुकाय.

कात्री सरांनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, "जीव ओळखा असं सगळेच विचारतात. जीव गेल्यावर त्याची खूण ओळखा, असं विचारणारं आज पहिल्यांदा भेटलं. मुद्दाम ठेवलात का हा प्रश्न असा?"

विभागप्रमुखांचा चेहरा उजळला. त्यांनी मागून मॅडमच्या चपलेवर आपला बूट हलकेच दाबला. एक हो म्हटलं की संपलं. मॅडमच्या डोळ्यांपुढे फुलदाणी आली. पण जिभेला ते हो काही उचलेना.

"नाही सर," त्या म्हणाल्या. "ती पळाली."

"कोण?"

"गोगलगाय."

कात्री सरांनी चष्मा काढला. "गोगलगाय पळाली," ते एकेक शब्द तोलून म्हणाले. "तुम्ही इथं उभ्या होतात, हे तिथं उभे होते, मी मध्ये फिरत होतो. तीन-तीन पदवीधरांच्या डोळ्यांदेखत गोगलगाय पळाली."

"चूक माझी आहे सर. सकाळी सगळ्यांवर पाणी मारलं, तिच्यावरही मारलं. तिला वगळणं बरं वाटलं नाही."

कात्री सरांनी निर्णय दिला. सातव्या प्रश्नाचे पूर्ण गुण सगळ्या मुलांना, कारण मुलांचा दोष नाही. उरलेलं अहवालात येईल, आणि अहवाल ते घरून पाठवतील. एवढं बोलून ते उठले आणि हॅटकडे हात नेला.

"सर," मॅडम पुढे झाल्या, "ती हॅट..."

"हॅटचं काय?"

"फार शोभते तुम्हाला," विभागप्रमुख घाईनं मध्ये पडले. मॅडमच्या तोंडून आज आणखी काही खरं बाहेर पडलं तर विभागच बंद होईल, असं त्यांना वाटत होतं.

कात्री सर कधी नव्हे ते थोडे नरमले. "बायकोनं घेतली, निवृत्त झालो तेव्हा," ते म्हणाले आणि त्यांनी हॅट डोक्यावर चढवली. मागच्या बाजूला, काठाच्या खालून, दोन शिंगं बाहेर आली आणि त्यांनी प्रयोगशाळेचा निरोप घेतला.

मॅडम जिन्यापर्यंत धावल्या. "सर, एक मिनिट, अजून एक सांगायचंय."

"मॅडम," ते मागे न बघता पायऱ्या उतरत म्हणाले, "आज जेवढं सांगितलंत तेवढं पुरे."

पुढचे दिवस मॅडमनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. आईला त्यांनी एवढंच सांगितलं की परीक्षा झाली. आईनं लेकीचा चेहरा वाचला, काही न विचारता फुलदाणी उचलली आणि कपाटावर मागच्या बाजूला सरकवून ठेवली. मशीन पुन्हा खडखडू लागलं.

मग एका दुपारी विभागप्रमुख हातात विभागाचा फोन धरून, त्याच्यावर तळवा दाबून मॅडमच्या टेबलाशी आले. "कात्री," ते कुजबुजले आणि फोन देऊन स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले.

"मॅडम," पलीकडून आवाज आला, "तुमचा सात नंबर माझ्याकडे आहे."

कात्री सर सांगत गेले. घरी गेल्यावर हॅट खुंटीला लावली होती. दुसऱ्या दिवशी बायकोनं हाक मारली आणि हॅटकडे बोट करून हे काय म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं, गोगलगाय, गट मृदुकाय. त्यावर बायको म्हणाली, "ते दिसतंय मला. ती तुमच्या डोक्यावर बसून घरापर्यंत आली आणि तुम्हाला कळलं नाही?"

"तुमचा अहवाल लिहायला बसलो होतो," कात्री सर म्हणाले. "देखरेखीत ढिलाई, असं वाक्य तयार होतं. पण ती माझ्याच डोक्यावर होती, मॅडम. आता ते वाक्य कोणत्या तोंडानं लिहू? म्हणून खोडलं. त्या जागी लिहिलंय की बाई खरं बोलतात, अशांना पक्कं करावं. पाठवून दिलाय."

मॅडमनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आभार मानायला त्या तोंड उघडणार, तोच पलीकडचा आवाज एकदम खाली आला. बोलणाऱ्यानं बहुधा आधी मागे वळून बायको कुठे आहे ते पाहिलं होतं.

"एक विचारायचं होतं. मी तिला एका डब्यात ठेवलंय. कालपासून शंखात शिरलीय, दारावर पापुद्रा ओढलाय, हलत नाही. बायकोला करमेना झालंय. म्हणजे, मलाही. जरा पाणी मारू का तिच्यावर?"

"मारा सर," मॅडम म्हणाल्या. "पण आधी हॅट लांब ठेवा."