त्रस्त जावयाचे मूळ पत्र

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वाचकांच्या पत्रांच्या सदरात एकशे ऐंशी शब्दांची जागा रिकामी होती आणि टेबलावर छापण्याजोगे एकही पत्र नव्हते. दिवसभरात तीन पत्रे आली होती. एकात कविता होती, दुसऱ्यात शेजाऱ्याचा उद्धार होता आणि तिसरे त्या शेजाऱ्याचेच होते. पान पावणेपाचला छपाईला सुटायचे होते.

हे सदर सांभाळणाऱ्या उपसंपादकाला सगळे ऑफिस पोस्टमन म्हणत असे. अकरा वर्षांत अशी वेळ त्याच्यावर अनेकदा आली होती आणि दर वेळी ‘एक जागरूक नागरिक’ किंवा ‘एक पादचारी’ होऊन त्याने स्वतःच पत्र लिहिले होते. विषय ठरलेले. पदपथावरची खोदाई, बागेतले मोडके बाकडे, रस्त्यावरचे बंद दिवे. मोडक्या बाकड्याची बाजू घेऊन कोणी भांडायला येत नाही.

पण सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या नव्या संपादकांनी पहिल्याच बैठकीत बजावले होते, “प्रत्येक पत्राची मूळ प्रत, सही-पत्त्यासकट, तीन महिने फायलीत राहील. एक जरी पत्र घरचं निघालं, तर लिहिणाराही घरी.” तेव्हापासून पोस्टमनने हात आवरला होता. आज मात्र पस्तीस मिनिटे उरली होती आणि डोक्यात आदल्या दिवशीचे जेवण घोळत होते. त्याच्याकडेच राहणारे सासरे जेवताना सव्वा तास बोलले होते. निवडणुकीपासून सुरू करून शेजारच्या देशाच्या सैन्यावरून ते आजकालची लग्ने का टिकत नाहीत इथवर आले होते. पोस्टमनने एकदाच तोंड उघडले, तेव्हा ते म्हणाले होते, “तुम्ही जेवा, जावईबापू.”

त्यामुळे लिहायला बसल्यावर हात बाकड्याकडे वळलाच नाही. ‘जावयालाही स्वतःचे मत असते,’ त्याने लिहिले. ‘संसदेत विरोधी पक्षाला बोलायला वेळ देतात. जेवणाच्या टेबलावर तीही सोय नाही. सासरे सव्वा तासात सरकार पाडतात, नवे आणतात आणि जावयाने फक्त “हो ना” म्हणायचे असते.’ खाली सही, ‘एक त्रस्त जावई’. पान वेळेवर सुटले.

बुधवारी सकाळी चहाच्या वेळी सासऱ्यांनी ते पत्र मोठ्याने वाचले. पोस्टमनने कप खाली ठेवला.

“वा!” सासरे म्हणाले. “अगदी खरं लिहिलंय. काही सासरे असतातच असे. समोरच्याला बोलूच देत नाहीत.”

“बाबा, मला वाटतं—”

“थांबा, माझं संपू द्या.”

घरचे संकट असे टळले. ऑफिसात मात्र दुपारपर्यंत सव्वीस पत्रे आली. त्यांतली नऊ सासऱ्यांची होती आणि हे आपल्यालाच उद्देशून लिहिले आहे, याबद्दल नऊही जणांची खात्री होती. तिघांनी तर आपापल्या जावयाचे नाव कळवून खुलासा मागितला होता. तेवढ्यात संपादकांचे बोलावणे आले.

टेबलावर अंक उघडा होता आणि पत्राभोवती लाल वर्तुळ होते.

“हे कोणाचं?”

“वाचकाचं, सर.”

“ते मलाही दिसतंय. बसा.” संपादकांनी उठून दार लावले आणि आवाज उतरवला. “सोमवारी माझा जावई जेवायला होता. हे सरकार का पडणार, ते मी त्याला समजावून सांगितलं. तो सारखा ‘हो ना, हो ना’ करत होता. आणि दोनच दिवसांत हे!”

“सर, सगळेच जावई ‘हो ना’ म्हणतात.”

“तुम्हाला काय माहीत?”

पोस्टमन अंकावरचे लाल वर्तुळ निरखू लागला.

“मूळ प्रत आणा. त्याचं अक्षर मी ओळखतो. उद्या अकरा वाजता.”

बाहेर आल्यावर त्याने क्रीडा पानाच्या उपसंपादकाला गाठले. दोघांची टेबले शेजारी होती आणि घरच्या पत्रांची गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक होती.

“सोपंय,” क्रीडावाला म्हणाला. “जावयाचंच पत्र आहे म्हणून सांग. विषय संपला.”

“आणि त्या बिचाऱ्याचा संसार?”

“तुझी नोकरी जास्त जुनी आहे.”

हे काही पोस्टमनला जमण्यासारखे नव्हते. संध्याकाळी घरी येताच त्याने अंक, कोरा कागद आणि पेन बायकोपुढे ठेवले. तिने पत्र वाचले, मग त्याच्याकडे पाहिले.

“हे तू लिहिलंस?”

“जागा रिकामी होती.”

“माझ्या बाबांवर?”

“एकंदर सासऱ्यांवर. हे बघ, माझं अक्षर ऑफिसात सगळे ओळखतात. तू एवढं उतरवून दे.”

“म्हणजे माझ्या बाबांच्या तक्रारीचं पत्र आता मी माझ्या अक्षरात लिहायचं?”

“फक्त एकशे ऐंशी शब्द आहेत गं.”

तिने पेन त्याच्या खिशात परत अडकवले. “आणि चुकीचं छापू नकोस. सव्वा तास नाही, पावणेदोन तास बोलत होते.”

मग त्याने डाव्या हाताने लिहून पाहिले. पहिला कागद त्याला स्वतःलाच वाचता आला नाही. दुसऱ्यावरच्या ओळी घसरगुंडीवरून आल्यासारख्या उजव्या कोपऱ्यात गोळा झाल्या. तिसरा बरा जमला, पण पत्त्यापाशी घोडे अडले. खोटा पत्ता द्यावा, तर संपादक तिथे बातमीदार धाडणार. खरा द्यावा, तर कोणाचा? कुठल्याही दारावर हात ठेवला तरी आत कोणीतरी जावई असणारच.

गुरुवारी अकराला पाच कमी असताना त्याने तिन्ही कागद फाडले. ‘सर, ते पत्र घरचं आहे,’ एवढे एक वाक्य घोकत तो निघाला. केबिनच्या दारापर्यंत ते त्याला चार वेळा नीट आले आणि पाचव्यांदा ‘सर’च्या पुढे काहीच आठवेना.

आत संपादक चक्क हसत होते. समोरच्या खुर्चीत विमा कंपनीची बॅग मांडीवर घेऊन एक तरुण गृहस्थ बसले होते.

“या, या! हे आमचे जावई. म्हणजे आपले त्रस्त जावई.”

“सर, ते पत्र—”

“मूळ प्रत राहू द्या आता. काल मी फोनवर सरळ विचारलं, आणि याने सरळ कबूल केलं! तीन वर्षांत माझ्यासमोर एक वाक्य पुरं केलेलं नाही, आणि लिहितो बघा कसा. छाती लागते त्याला. दर मंगळवारी याचं सदर सुरू करतोय. राजकारण, नातीगोती, काय हवं ते लिहू दे. तुम्ही नजरेखालून घालत जा.” ते थांबले. “तुम्ही काही सांगत होतात?”

पोस्टमनने जावयाकडे पाहिले. जावयाने बॅग छातीशी धरून अगदी बारीक नकारार्थी मान हलवली.

“शब्दमर्यादा विचारायची होती, सर.”

“पाचशे.”

जिन्यात आल्यावर पोस्टमनने त्याला कोपऱ्यात घेतले. “अहो, ते पत्र तुम्ही लिहिलेलं नाही.”

“मला माहीत आहे हो.”

“मग कबूल कशाला केलंत?”

“नाहीच म्हणणार होतो. पण फोन आला तेव्हा बायको शेजारी उभी होती. म्हणाली, ‘तुझ्यात एवढी हिंमत आहे?’ तीन वर्षांत माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं तिने. मग कसं नाही म्हणू?”

त्याने जिन्यात वर-खाली नजर टाकली आणि तो पोस्टमनच्या आणखी जवळ सरकला.

“रविवारी सासऱ्यांनी मुद्दाम चर्चेला बोलावलंय. मला पत्र वाचायलाच वेळ झाला नाही. जरा सांगता का, माझं मत नेमकं काय आहे?”