अज्ञानी लोकांची तालीम

दूरदेशीच्या माणसावर प्रेम करणं हे शेजारच्या माणसावर प्रेम करण्यापेक्षा केव्हाही सोपं, कारण मध्ये समुद्र असतो. हे सत्य सोलापूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीला एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमाराला उमगलं, आणि तिने ताबडतोब एक कमिटी नेमली.

तोवर मिशनरी हा माल बाहेरूनच यायचा. गोरे साहेब आणि मडमा बोटीतून उतरत, आमच्या वाडवडिलांना तारत, आणि सोलापूरच्या उन्हाने प्रकृती बिघडली की पुन्हा बोटीत चढत. आता आपणही कुणाला तरी तारावं असं मंडळीला वाटू लागलं. कुणाला, हा प्रश्न गौण होता. मुंबईच्या मुख्य ऑफिसाने एक बेट सुचवलं. ते पाहण्यासाठी शाळेतला जगाचा नकाशा उलगडला, तर नेमकं त्या ठिकाणी वाळवीने भोक पाडलं होतं. (एवढ्या हालअपेष्टांतल्या बेटाला मदतीची फारच गरज आहे, याबद्दल कमिटीत एकमत झालं.)

पाठवायचं जोडपं म्हणून मिशनशाळेचे जोतीराम मास्तर आणि त्यांची बायको सोजरबाई यांची निवड झाली. मास्तरांची निवड त्यांच्या आवाजामुळे झाली; ते प्रार्थना म्हणू लागले की गिरणीचा भोंगा लाजायचा. सोजरबाईंची निवड मास्तरांशी लग्न झालेलं असल्यामुळे झाली. त्यांना कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर साऱ्या मंडळीत मनापासून जायला निघालेली ती एकटीच बाई आहे, हे कळलं असतं.

याचं कारण कळायला आमच्या प्रार्थनामंदिराची बैठक माहीत हवी. वेदीमागच्या भिंतीवर 'प्रभूमध्ये आपण सर्व एक' असं निळ्या रंगात लिहिलेलं होतं, आणि त्या अक्षरांखाली बाकांच्या दोन रांगा होत्या. ज्यांचे आजे-पणजे गावाबाहेरच्या एका वाड्यातून येशूकडे आले, ते खिडकीकडे बसत. ज्यांचे दुसऱ्या वाड्यातून आले, ते दाराकडे. असा काही नियम नव्हता. दोन पिढ्यांत कुणी चुकलं नव्हतं, इतकंच. प्रभुभोजनाचा प्याला आधी खिडकीकडे फिरे आणि मग दाराकडे. हाही नियम नव्हता. खिडकीकडे उजेड बरा होता.

मास्तर खिडकीकडचे, सोजर दाराकडची. दोघं एकाच शाळेत शिकवायची आणि तिथेच त्यांचं जुळलं. लग्नात पाळकसाहेब म्हणाले, आज स्वर्गात देवदूतांना आनंद झाला असेल. मास्तरांच्या आई केराबाई मूळच्या जवळच्या कुंभारी गावच्या. त्यांना देवदूतांचं एवढं काही सांगता आलं नाही. त्या सुनेशी भांडल्या नाहीत, तिला टाकून बोलल्या नाहीत, तापात पडली तेव्हा तिच्या कपाळावर पट्ट्याही ठेवल्या. फक्त तिच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. आपला तांब्या त्या आपण भरून घेत. कुणी विचारलंच तर म्हणत, "माजी परकुर्ती जरा येगळी हाय." मडमसाहेबांच्या हातचा चहा, लिंबाचं सरबत आणि एकदा एरंडेल याच प्रकृतीने घटाघटा पचवलं होतं.

बेटाबद्दल सोजरला काहीच माहीत नव्हतं. तिथं खिडकी कुठली आणि दार कुठलं हे कुणी विचारणार नाही, एवढी तिची खात्री होती, आणि तेवढ्यावर ती समुद्र ओलांडायला तयार होती.

तयारी सुरू झाली. कमिटीत समुद्र कुणी पाहिलेला नव्हता, आणि सिद्धेश्वराच्या तळ्याला लाटा येत नाहीत. म्हणून जोडप्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी पोटभर खायला घालून आवारातल्या कडुलिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसवण्यात आलं, आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या दोघा डीकनांनी आलटूनपालटून झोके दिले. मास्तर लवकरच आजारी झाले. सोजरबाईंनी आणखी उंच झोका मागितला. ('स्त्री समुद्रास अधिक योग्य' असा कमिटीचा शेरा पडला.)

खरी अडचण निराळीच होती. मुंबईचं म्हणणं पडलं की जोडप्याने निदान एका अज्ञानी, म्हणजे येशूला न ओळखणाऱ्या, माणसाचं मन वळवून दाखवल्याशिवाय तिकीट निघणार नाही. पावसाळ्याआधी सेक्रेटरीसाहेब स्वतः येऊन परीक्षा घेतील. आता सोलापुरात अज्ञानी लोकांचा तोटा नव्हता. पण ते फार जुन्या ओळखीचे. पेठेत जाऊन त्यांना उपदेश करावा, तर ते ऐकून घेत, पानसुपारी देत आणि मग आपला उपदेश सुरू करत. तो तेलुगूत, कानडीत नाहीतर दखनीत असल्यामुळे मध्येच उठता येत नसे. तेव्हा कमिटीने ठरवलं की अज्ञानी लोक आपल्यातूनच पुरवावेत.

अशा रीतीने दर शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये अज्ञानी लोकांची तालीम भरू लागली. मंडळीचे सभासद अंगाला सोलापुरी चादरी गुंडाळून बेटवासी व्हायचे. तोंडाला काजळ फासावं अशी एक सूचना आली होती, पण पाळकसाहेबांनी सगळ्यांकडे एकवार नीट पाहिलं आणि त्याची गरज नाही असा निर्णय दिला. टोळीचे नायक झाले डीकन शिवपुत्र. ते गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. त्यांच्या मुकुटाला घरच्या कोंबड्याची पिसं होती, आणि तो कोंबडा त्यानंतर फारसा बाहेर पडेनासा झाला.

अज्ञान लोकांना फार मानवलं. रविवारच्या उपासनेला येत त्याच्या दुप्पट माणसं शनिवारी येऊ लागली. एकदा सद्गृहस्थ म्हणून बसलं की जे विचारता येत नाही, ते चादर गुंडाळली की विचारता येतं, हा शोध सगळ्यांना लागला होता. बापे विचारत, सहाच दिवसांत जग केलं तर पाऊस पाडायला एवढा उशीर का होतो. बाया विचारत, हव्वेने फळ खाल्लं तेव्हा तिचा नवरा गप्प का बसला होता. शिवपुत्रांनी एका शनिवारी मुकुट सारखा करत विचारलं, "मास्तर, तुमचा द्येव समद्यांचा बाप हाय म्हंता. मग तापाच्या साथीत माजी दोन पोरं एका आठवड्यात गेली, तवा त्यो बाप कुटं व्हता?"

साथ दहा वर्षांपूर्वी येऊन गेली होती. दोन्ही दफनांच्या वेळी शिवपुत्र टोपी हातात धरून 'प्रभूची इच्छा' म्हणाले होते. मास्तरांनी त्या दिवशी शेवटची प्रार्थना न म्हणताच तालीम संपवली. (कमिटीचा शेरा: 'नायकाचे काम फार उत्तम.')

आणि मग पाणी. मुंबईच्या सूचनांत लिहिलं होतं की त्या बेटावर परक्या माणसाला टोळीची सर्वांत वडील बाई आधी पारखते. तिने परक्याच्या हातचं पाणी घेतलं, की सारी टोळी त्याचं ऐकते. सर्वांत वडील म्हणून ते काम केराबाईंकडे गेलं. कमिटीत सगळे पुरुषच होते, आणि घरात कोण कुणाच्या हातचं पाणी पितं हा कमिटीचा विषय नव्हता.

दर शनिवारी सोजर पाठ केलेलं भाषण म्हणायची, गुडघे टेकून तांब्या पुढे करायची, आणि केराबाई तोंड फिरवायच्या. ते असं काही फिरवायच्या की हॉलमध्ये टाळ्या पडत. काय ती मान, काय ते डोळे मिटणं. अगदी हुबेहूब, असं पाळकसाहेबसुद्धा म्हणाले, आणि केराबाईंचं काम जवळून दिसावं म्हणून पुढे खुर्च्या मांडण्यात आल्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सोजरने भाकरी थापता थापता विषय काढला. "आत्याबाई, घरात नका घेऊ. तालमीतलं तरी घ्या की."

"घेतलं म्हंजे माजा जोत्या बोटीत चढनार. म्या कशापायी घिऊ?"

"आन् न्हाय घेतलं तर?"

"तर समदी हितंच. तुजा तांब्या तुला, माजा तांब्या मला. काय वंगाळ हाय त्यात?" केराबाईंनी भाकरी उचलून घेतली. सुनेच्या हातची भाकरी त्यांना चालत असे, कारण ती विस्तवावरून जाते.

सेक्रेटरीसाहेब आले तेव्हा उन्हाने आवारातले दगड तडकत होते. मास्तरांनी उपदेश केला. नायकाने तापाच्या साथीचा प्रश्न विचारला. मास्तर म्हणाले, "मला ठाऊक नाही, शिवपुत्र अप्पा," आणि खाली बसले. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. एकही अज्ञानी हललेला नव्हता. आता जे काही व्हायचं ते सोजरच्या तांब्यावर होतं.

ती गुडघ्यांवर बसली. 'हे बेटवासी माते' असं सुरू होणारं भाषण तिने केलंच नाही. मिशनशाळेत दहा वर्षं घोटलेली शुद्ध मराठीही तिने बाजूला ठेवली.

"आजी," ती म्हणाली, "म्या लई लांबनं आले. आमच्या गावाला सोलापूर म्हंत्यात. तितं बी एक म्हातारी हाय. परार्थनेला चुकत न्हाय, समद्या गोष्टी तिला तोंडपाठ. म्या तापात पडले तर रातभर उशाला बसती. पर माज्या हातचं पानी प्येत न्हाय. तुमी अज्ञानी मानसं, तुमाला कुनी सांगितलंच न्हवतं. तिला समदं सांगितलंय. आता तुमीच सांगा आजी, तिचं काय करावं?"

खिडकीकडच्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि दाराकडच्यांनी दारातून. केराबाईंनी मान फिरवायला घेतली, ती अर्ध्यावरच थांबली. तोंड फिरवावं, तर आपण ती सोलापूरची म्हातारी ठरतो. न फिरवावं, तर मुलगा बोटीत चढतो. सून तांब्या धरून होती.

"तुजी ती म्हातारी," केराबाई शेवटी म्हणाल्या, "लई येडी दिसती की." आणि त्यांनी तांब्या घेऊन तोंडाला लावला. वर धरून नाही, तोंडाला लावूनच.

साहेबांनी जोडप्याला उत्तीर्ण केलं. मंडळीने गीत गायलं. बेटवासी चादरींनी डोळे पुसत घरोघर गेले.

संध्याकाळी केराबाईंनी नेहमीप्रमाणे आपला तांब्या आपण भरून घेतला. सोजर नुसती बघत राहिली. "काय बगतीस?" केराबाई म्हणाल्या. "ती बेटावरची प्याली. म्या न्हाय."

यथावकाश जोडपं निघालं. स्टेशनवर निरोपाला सगळी मंडळी आली. जागा भरपूर असूनही फलाटावर तिचे दोन घोळके झाले. गाडीला उशीर होता. केराबाई उन्हात उभ्या राहून मुलाला थंडी, मासळी आणि परक्या बायका यांपासून जपायला सांगत होत्या, आणि सांगता सांगता त्यांचा घसा कोरडा पडला. सोजरने डब्याच्या खिडकीशी फिरकीच्या तांब्यातून पेला भरला तो नवऱ्यासाठी. केराबाईंनी हात पुढे करून तो घेतला, रिकामा केला आणि परत दिला.

"आत्याबाई?" सोजर म्हणाली.

"आता तू परदेशी झालीस की," केराबाई म्हणाल्या. "परदेशी मानसाला वाडा नसतो." मग त्यांनी तोंड फिरवलं. पण ते तालमीतल्यासारखं मुळीच जमलं नाही.

गाडी हलली तरी सोजरने तो पेला पुसला नव्हता.

पुढे त्यांच्याकडून कळलं की बेटावरचे लोक तीन पिढ्या ख्रिस्तीच आहेत, आणि त्यांच्या प्रार्थनामंदिरात समुद्राकडचे बाक आणि डोंगराकडचे बाक अशा दोन रांगा आहेत. जोडप्याने कुठं बसावं असं विचारलं, तेव्हा तिथल्या लोकांनी हसून सांगितलं, तुम्ही परदेशी, तुम्ही कुठंही बसा.

आमची शनिवारची तालीम मात्र पुढे बरीच वर्षं चालली, आणि तिच्यासाठी नवीन अज्ञानी लोकांची गरज कायम असे. त्यांची निवड कशी करावी यावर कमिटी अखेरपर्यंत वाद घालत राहिली. एक सोपी परीक्षा तिला कधी सुचली नाही. या सबंध हकिगतीत खिडकीकडचे कुठल्या वाड्यातले आणि दाराकडचे कुठल्या, हे कुठेही लिहिलेलं नाही. वाचता वाचता ज्यांनी ते मनातल्या मनात ओळखून पाहिलं, त्यांना तालमीची गरज नाही. चादर तेवढी घरून आणावी.