पोपटी टाइलचा मालक

गाडीखाली ‘खट्ट’ असा आवाज झाला, तेव्हा यज्ञेश्वर बर्वे आपल्या पत्नीला, पद्मजाबाईंना, पुण्यातले इतर लोक गाडी कशी चुकीची चालवतात ते समजावून सांगत होते.

शहराबाहेर मांजरी गावी भाच्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत आटोपून दोघं सदाशिव पेठेतल्या आपल्या घरी परत निघाले होते. पुढचा टेम्पो एकदम उजवीकडे सरकला, त्याच्या मागे रस्त्यात पडलेला सिमेंटचा मोठा तुकडा दिसला, आणि दिसला म्हणेपर्यंत तो गाडीखाली गेलेला होता. थोडं पुढे जाताच समोर लाल दिवा लागला. यज्ञेश्वररावांनी गाडी बाजूला घेतली आणि उतरून मागे पाहिलं. रस्त्यावर तेलाची काळी रेघ उमटत आली होती. रेघ सरळ होती. यज्ञेश्वरराव लेन सोडून गाडी चालवत नसत.

रस्त्याच्या कडेला कुणीतरी राडारोडा ओतला होता. विटांचे तुकडे, सिमेंट, फुटक्या टाइल. त्या ढिगातलाच एक तुकडा घरंगळत रस्त्यात आला होता. यज्ञेश्वरराव चालत मागे गेले आणि तेलानं माखलेला तो तुकडा दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले. त्याच्या एका बाजूला पोपटी रंगाची अख्खी टाइल चिकटलेली होती. तिच्यावर तपकिरी पानांची नक्षी होती.

पद्मजाबाईंनी टाइलकडे पाहिलं. मग जरा वाकून पुन्हा पाहिलं.

“अहो, राहू द्या ते इथंच.”

“इथंच? पुरावा आहे हा!”

“म्हणूनच म्हणते.”

“पद्मजा, चौकशी चालू असताना मध्ये बोलायचं नाही,” असं म्हणून त्यांनी तुकडा डिकीत ठेवला. औषधांच्या कंपनीत गुणवत्ता विभागाचे प्रमुख म्हणून ते निवृत्त झाले होते. नमुना ताब्यात घेतल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला नापास केलं नव्हतं.

गॅरेजवाल्यानं गाडीखाली वाकून सांगितलं, “साहेब, ऑइल चेंबर फुटलंय. नवीनच टाकावं लागेल.” विम्याचा एजंट रोहन फोनवर म्हणाला, “काका, टेन्शन नका घेऊ, क्लेम टाकून देऊ. फक्त तुमचा नो क्लेम बोनस जाईल.”

फक्त! गाडी घेतल्यापासून यज्ञेश्वररावांनी एकदाही क्लेम केलेला नव्हता. दरवर्षी पॉलिसीवर छापून येणारी ती सवलत त्यांना चारित्र्याच्या दाखल्यासारखी वाटे. घरी आलेल्या पाहुण्यांनाही ते ती दाखवत.

“चूक दुसऱ्याची आणि डाग माझ्या पॉलिसीवर? जमणार नाही. ज्याचा राडारोडा, त्यानं भरपाई द्यायची.”

“काका, तो कोण आहे ते कसं कळणार?”

“ते मी बघतो.”

स्वयंपाकघरात पद्मजाबाईंच्या हातातलं झाकण खाली पडलं.

दुसऱ्या दिवशी ते रस्त्यांच्या खात्याच्या कार्यालयात हजर झाले. तुकडा सोबत होता. तिथल्या अधिकारी राजनंदिनीमॅडम वयानं त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “खड्डा होता का?”

“नाही. राडारोडा होता.”

“खड्डा असता तर आमचा असता. राडारोडा नागरिकांचा असतो.”

“पण रस्ता तुमचा आहे ना?”

“रस्ता आमचा. त्याच्यावरचं जे आहे ते ज्याचं त्याचं.” मॅडमनी वहीवर पडलेला सिमेंटचा चुरा फुंकून टाकला. “टाकणारा शोधून द्या. मग दोघांना समोरासमोर बसवून आम्ही सुनावणी घेतो. त्याला दंड करतो, तुम्हाला भरपाई मिळवून देतो.”

“टाकणारा मी शोधायचा?”

“आमच्याकडे माणसं कमी आहेत. आणि आपण निवृत्त आहात.”

दुसऱ्या कुणाला हा अपमान वाटला असता. यज्ञेश्वररावांना ती नेमणूक वाटली. तिथल्या तिथे बसून त्यांनी तक्रार लिहिली आणि शेवटी जोडलं, ‘दोषी कोणीही असो, मी कोणत्याही परिस्थितीत तक्रार मागे घेणार नाही.’ या वाक्याखाली त्यांनी पट्टीनं रेघ मारली.

घरी आल्यावर त्यांनी तुकडा घासून धुतला आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवला. चष्मा कपाळावर चढवून भिंगातून पाहू लागले.

“हे बघ. टाइलला दोन भोकं आहेत, अगदी शेजारी शेजारी. म्हणजे पहिलं चुकलं म्हणून दुसरं पाडलं. आणि चुकलेलं भोक बुजवलंय कशानं, माहितेय? टूथपेस्टनं! अजून पांढरी आहे. काय माणूस असेल!”

“असतो एकेक,” पद्मजाबाई म्हणाल्या.

“अशा माणसाच्या हातात ड्रिल देतात कसे घरातले लोक?”

“ऐकत नाही तो कुणाचं.”

“तुला काय माहीत?”

“अहो, मी काय म्हणते...”

“थांब. निष्कर्ष येईपर्यंत मध्ये बोलायचं नाही.”

पद्मजाबाई थांबल्या. या घरात निष्कर्षाच्या आधी बोललेलं कधीच मोजलं जात नसे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी गवार निवडायला घेतली.

यज्ञेश्वररावांनी टाइलचा फोटो काढून माहितीतल्या सगळ्या ग्रुपवर टाकला. ‘ही टाइल कोणाच्या घरातली आहे? ओळखणाऱ्याने त्वरित कळवावे. भोकांकडे विशेष लक्ष द्यावे.’ पहिलं उत्तर आलं ते त्यांच्याच सोसायटीच्या ग्रुपवर, दुसऱ्या मजल्यावरच्या हेमाताई फडक्यांचं. ‘अय्या, ही तर आमची टाइल!’

तुकडा पिशवीत घालून यज्ञेश्वरराव जिना चढले.

“हेमाताई, गुन्हा कबूल आहे ना?”

“कसला गुन्हा? आमची टाइल म्हणजे अशीच आहे हो आमच्या बाथरूममध्ये. या ना, बघा.”

बाथरूममध्ये भिंतभर पोपटी रंग होता, तपकिरी पानं होती, आणि सगळं जागच्या जागी होतं. यज्ञेश्वररावांनी टिचकी मारून एकेक टाइल तपासली.

“बिल्डरनं सगळ्याच फ्लॅटना हीच लावली होती की,” हेमाताई म्हणाल्या. “स्वस्तात मिळाली असणार त्याला. एवढा भयंकर रंग कोण पैसे देऊन घेईल?”

यज्ञेश्वररावांचे डोळे चमकले. म्हणजे आरोपी याच इमारतीत राहत होता!

मग त्यांनी घराघरातली बाथरूमं तपासायला सुरुवात केली. तळमजल्यावरच्या ज्ञानदेव वैद्यांनी दार अर्धवट उघडून विचारलं, “आंघोळ करायची असेल तर साबण आपला आणावा लागेल.” वरच्या मजल्यावर बाथरूममध्ये सून होती, म्हणून यज्ञेश्वरराव हॉलमध्ये पिशवी मांडीवर घेऊन तिची आंघोळ होईपर्यंत बसून राहिले. सून ओल्या केसांनी बाहेर आली, तिनं त्यांना पाहिलं आणि सासूला आत बोलावून बराच वेळ काहीतरी विचारलं. प्रत्येक घरी त्यांनी भोकांची चौकशी केली, प्रत्येक घरी टूथपेस्टचा किस्सा सांगितला आणि प्रत्येक घरी लोक पोट धरून हसले. “असा गाढव आपल्या बिल्डिंगमध्ये असेल असं वाटलं नव्हतं हो बर्वे,” असं वैद्य म्हणाले, तेव्हा बर्वे स्वतःही खूप हसले.

घरी परतले तेव्हा मात्र चेहरा उतरलेला होता.

“सगळ्यांच्या टाइल जागेवर आहेत. एकही फुटलेली नाही. हे शक्यच नाही.”

“एक बाथरूम राहिलं,” पद्मजाबाई म्हणाल्या.

“कुणाचं?”

“चष्मा लावा आणि इकडे या.”

यज्ञेश्वरराव त्यांच्यामागून आपल्याच बाथरूमच्या दारात आले. आंघोळीला जाताना चष्मा बाहेर काढून ठेवायचा, ही त्यांची तरुणपणापासूनची सवय. त्यामुळे या भिंती त्यांनी आजवर स्पष्ट अशा कधी पाहिल्याच नव्हत्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

“या तर पांढऱ्या आहेत.”

“हो. गेल्या महिन्यात मच्छिंद्रनं बदलल्यापासून.”

“आणि त्याआधी?”

पद्मजाबाई टेबलावर ठेवलेल्या पिशवीकडे पाहत राहिल्या.

“पण... पण ती भोकं?”

“साबणाचा स्टँड लावलात ना तुम्ही, आपण नवीन राहायला आलो तेव्हा, तोही चष्मा काढूनच. खालचं स्टूल मी धरलं होतं. टूथपेस्टही मीच आणून दिली. स्टँडखाली झाकलं गेलं, म्हणून कुणाला दिसलं नाही एवढंच.”

“मग तू पहिल्याच दिवशी सांगितलं का नाहीस?”

“तेव्हा निष्कर्ष आला होता का?” पद्मजाबाईंनी विचारलं. “आता आला, म्हणून आता सांगितलं.”

यज्ञेश्वररावांनी बाथरूमचं काम केलेल्या मच्छिंद्रला फोन लावला. आवाज चढलेला होता.

“मच्छिंद्र, माझा राडारोडा कुठे टाकलास?”

“आमच्या मांजरीच्या रस्त्याला सर. घरी जाता जाता टेम्पो मोकळा केला. का वो?”

“रस्त्याच्या कडेला टाकतात? राडारोड्याच्या केंद्रावर न्यायचा असतो!”

“मी बी तेच म्हनलो हुतो. केंद्राचं भाडं वेगळं पडंल म्हनलो. तुमी म्हनला, वेगळं कशाला? कुटंबी टाक, मला सांगू नको, माझ्या दारासमोर दिसला नाही पाहिजे. दिसला का सर दारासमोर?”

“दारासमोर नाही दिसला.”

“मग झालं की सर आपल्या बोलीपरमानं.”

त्या दिवशी जेवण झाल्यावर यज्ञेश्वरराव फोन घेऊन बसले. गप्प बसणं सोपं होतं. पण हेमाताईंचा ग्रुपवर मेसेज आला होता, ‘बर्वेकाका, सापडला का गाढव?’ आणि त्याखाली वैद्यांनी हसरे चेहरे टाकले होते. शिवाय आयुष्यभर त्यांनी इतरांचे नमुने नापास केले होते. आपला तेवढा खिडकीतून फेकून द्यायचा, हे त्यांच्या हातून झालं नसतं. त्यांनी मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला आणि पाठवला. ‘सापडला. पहिल्या मजल्यावर राहतो.’ पहिल्या मजल्यावर एकच घर होतं.

ग्रुपवर वैद्यांचा मेसेज आला, ‘साबण लागला तर सांगा.’

सुनावणीच्या दिवशी राजनंदिनीमॅडमनी फाइल उघडली. पद्मजाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. तुकडा टेबलावर होता.

“तक्रारदार हजर आहेत?”

“आहे,” यज्ञेश्वरराव म्हणाले.

“राडारोडा टाकणारे, म्हणजे सामनेवाले?”

“आहे.”

मॅडमनी मान वर केली. “कुठे आहेत?”

“हा काय, इथेच. तोही मीच.”

मॅडमनी दोन्ही नावं पुन्हा वाचली. पत्तेही वाचले. चेहऱ्यावरची रेषा न हलवता त्या म्हणाल्या, “मग तक्रार मागे घेता?”

“घेता येईल का?”

“नाही. आपण लिहून दिलंय. खाली रेघसुद्धा मारलीय. दंड सामनेवाल्यांनी खात्याला भरायचा. नुकसानभरपाई सामनेवाल्यांनी तक्रारदारांना द्यायची. आपसात तडजोड होत असेल तर तशी नोंद करते.”

यज्ञेश्वररावांच्यातला तक्रारदार अजून पुरता विझला नव्हता. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “सामनेवाल्यानं आधी माफी मागितली पाहिजे.”

“मागणार नाहीत,” मागच्या बाकावरून पद्मजाबाई म्हणाल्या. “मी ओळखते त्यांना.”

यज्ञेश्वररावांनी मागे वळून पाहिलं. मग घसा खाकरून ते म्हणाले, “चुकलंच जरा.”

ते नेमकं कोण कुणाला म्हणालं, याची नोंद मॅडमना करता आली नाही. त्यांनी फाइलवर ‘तडजोड’ असा शिक्का मारला आणि दंडाची पावती फाडून दिली. यज्ञेश्वररावांनी मुकाट्यानं पैसे भरले. गॅरेजचं बिल त्यांनी आधीच भरलं होतं. पॉलिसीवर डाग पडला नव्हता.

ते उठून निघणार, तेवढ्यात मॅडमनी टेबलावरच्या तुकड्याकडे बोट दाखवलं. “हा घेऊन जा. राडारोड्याच्या केंद्रावर जमा करावा लागेल. आपण जाणार नसाल तर आमची गाडी नेते, पण तिचं भाडं वेगळं पडेल.”

“वेगळं कशाला?” यज्ञेश्वरराव म्हणाले.

आणि लगेच त्यांनी जीभ चावली. इतके दिवस शोधत असलेल्या सामनेवाल्याचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.