बुद्धरत्नचं लिनक्स आणि गणराजची पत्रिका

चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला असलेल्या बुद्धरत्नला अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग मिळालं आणि थेरगावातल्या त्याच्या घराची शांतता गेली. कंपनीने सगळे कॉम्प्युटर विंडोजवरून लिनक्सवर नेले होते. ट्रेनिंगमध्ये बुद्धरत्नने दोन प्रश्न विचारले (पैकी एक, चहा कधी येणार, हा होता) आणि तो घरी परतला तो संगणकतज्ज्ञ होऊनच.

"मिनल, आपला कॉम्प्युटर म्हातारा झाला. कुकरच्या तीन शिट्ट्या होतात तरी उघडत नाही. लिनक्स टाकू. पळेल बघ!"

मिनल त्याच कॉम्प्युटरवर डांगे चौकातल्या एका छापखान्यासाठी मजकूर टाइप करून द्यायची. बारशापासून दशक्रियेपर्यंत अर्ध्या थेरगावची नावं तिच्या बोटांखालून गेली होती.

"अहो, पण माझ्या फायली?"

"पेनड्राइव्हवर घेतो."

"सगळ्या?"

"अगं, मी मशीन खोलणारा माणूस आहे. एक नटसुद्धा हरवू देत नाही."

गुरुवारी कंपनीला सुट्टी. दहाला त्याने कामाला हात घातला आणि बारापर्यंत जुनं सगळं पुसून नवं टाकलंसुद्धा. कॉम्प्युटर खरंच चुटकीसरशी उघडला. बुद्धरत्न छाती काढून बाजूला झाला. मिनलने हातातलं तातडीचं काम, गणराज नावाच्या एका गिऱ्हाइकाच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका, उघडली आणि ती नुसती बघत राहिली. पडद्यावर डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि प्रश्नचिन्हं यांची जत्रा भरली होती.

"हे काय?"

"फाइल आली ना? फक्त मराठी फॉन्ट आला नाही."

"मग फॉन्टची सीडी लावा."

"कुठंय?"

"बाल्कनीत. कबुतरं यायची म्हणून तुम्हीच टांगलीत दोऱ्याला!"

सीडीवर आता उन्हाच्या आणि कबुतरांच्या दोन्ही खुणा होत्या. ती गेली होती. आणि चार वाजता गणराजचे वडील लक्ष्मणराव प्रूफ बघायला येणार होते. संध्याकाळी तीनशे पत्रिका छापून घ्यायच्या आणि रात्रीच्या गाडीने लातूरला वाटायला न्यायच्या, असा त्यांचा बेत होता.

"घाबरू नकोस," बुद्धरत्न म्हणाला. "कच्चा कागद दे. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं, ट्रेनिंगमध्ये दाखवलंय. मीच टाइप करतो."

मिनलची बोटं जुन्या कीबोर्डला सरावलेली, त्यामुळे तिचा नाइलाज होता. बुद्धरत्न एका बोटाने, पण विलक्षण आत्मविश्वासाने, पावणेचारपर्यंत टाइप करत राहिला.

लक्ष्मणराव आले. त्यांनी काका, मामा, आत्याचे मिस्टर अशी सगळी नावं दोनदा तपासली, दाजींचं नाव सगळ्यांच्या वर घ्यायला लावलं आणि "झकास!" म्हणून सही केली. खालच्या बारीक ओळी कोण वाचतो?

मिनलने वाचल्या. पण दुसऱ्या दिवशी, उरलेल्या पत्रिकेवर. तोवर गठ्ठा लातूरला पोचला होता.

"अहो, 'कृपया आहेर आणू नये' असं होतं ना कागदावर?"

"तेच टाइप केलंय की."

"तुम्ही जागा एक अक्षर पुढे सोडलीत. छापलंय, 'कृपया आहेर आणून ये'!"

बुद्धरत्नने पत्रिका उलटी-सुलटी करून पाहिली. ओळ काही बदलली नाही.

तिसऱ्या दिवशी लक्ष्मणराव दारात उभे. "आहेराचं सोडा हो भाऊ," ते कळवळून म्हणाले, "पण थोरल्या दाजीला 'ये' म्हणलाव तुम्ही! एकेरीत! ते रुसून बसलेत, लग्नाला येत नाही म्हणतेत. आणि दाजी नाहीत तर बहीण नाही."

बुद्धरत्न स्पेसबारचं तंत्र समजावून सांगू लागला. मिनलने त्याला थांबवलं आणि लक्ष्मणरावांच्या फोनवरून थेट दाजींना फोन लावला.

"दाजी, चूक आमच्याकडून झाली. माझ्या मिस्टरांनी टाइप केलं. ते मशीन दुरुस्त करतात."

पलीकडून दाजींनी विचारलं, "कशी करतात?"

"तशीच."

दाजी मोठ्याने हसले. "येतो पोरी. पण त्यांना म्हणावं, गाडीवर घ्यायला या. आणि 'या' म्हणा!"

ताथवड्याच्या कार्यालयात लग्न थाटात लागलं. दाजी मिक्सर घेऊन आले. बाकीच्यांनीही पत्रिकेचा मान राखल्यामुळे आहेराला वेगळी खोली उघडावी लागली. बुद्धरत्न दारात उभा राहून दर पाहुण्याला दोन्ही हात जोडून "या, या" म्हणत होता.

मिनलने मात्र लिनक्स काढलं नाही. पंधरा दिवसांत ती नवा कीबोर्ड शिकली. कॉम्प्युटर पळतोय, काम दुप्पट होतंय, म्हणाली.

"बघ, मी म्हणालो नव्हतो?" बुद्धरत्न खुश होऊन खुर्चीत बसला. "माझंही अकाउंट उघड की यावर."

"उघडलंय कालच."

त्याने पाहिलं. खरंच उघडलं होतं. त्यात फोटो बघता येत होते, पत्ते खेळता येत होते आणि काहीही टाइप करून सेव्ह करता येत नव्हतं. वर नाव होतं, 'पाहुणा'.