यासीनभाई आणि होडीतला माणूस

यासीनभाईंना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, बाहेरच्या रेषा राहतात. "सकाळी ते आले होते बघा, मानेपासून खांद्यापर्यंत उतरण असलेले, त्यांना फोन लावा. बॅनर झालंय," असं ते मला सांगतात. मी फोन कुणाला लावणार? इंदापुरात माझं झेरॉक्सचं दुकान, त्याला लागून त्यांचं डिझाइनचं. मधे प्लायवूडची भिंत. तिच्यातून त्यांचं निम्मं आयुष्य मला ऐकू येतं.

पूर्वी ते पेंटर होते. बारामती रस्त्यावरच्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. डेअरीची भिंत रंगवायला घेतली की गल्लीभर टर्पेंटाइनचा वास सुटायचा, आणि शाळेतून येताना आम्ही म्हशीचं शिंग पुरं होईपर्यंत हलायचो नाही. मग फ्लेक्स आले. पन्नाशीत यासीनभाई कॉम्प्युटरच्या क्लासला गेले आणि तिथं त्यांना पेन टूल सापडलं. स्क्रीनवर एक पॉइंट टेकवायचा, मग दुसरा, मधली रेष हवी तशी वाकवायची, फिरून पहिल्या पॉइंटाला आलं की आकार तयार.

"ब्रश चुकला की पुसापुशी," ते म्हणाले. "हितली रेष दुसऱ्यांदा विचार करू देती."

कॉम्प्युटरमध्ये तयार आकार ढिगानं मिळतात. यासीनभाई त्यांना हात लावत नाहीत. पॉइंटांच्या बाबतीत तर फारच कडक. "तीनात भागतंय तिथं चौथा पॉइंट लावणारा माणूस घरी भांडत असणार."

एकदा एका बागायतदार तात्यांना पेटीवर छापायला डाळिंब हवं होतं. यासीनभाई त्यांच्या बागेत जाऊन दोन तास फळ न्याहाळत बसले.

"अवो भाई, डाळिंब डाळिंबासारखंच असतंय की," तात्या वैतागले.

"न्हाय तात्या. तुमचं खांद्यात जरा बसकं हाय."

तेव्हापासून तात्या येईल त्या पाहुण्याला फळाचा खांदा दाखवतात.

गेल्या हिवाळ्यात पळसदेवहून पारूआक्का आल्या. त्यांचे मालक उजनीच्या पाण्यात मासे धरायचे. ते जाऊन वर्ष होत आलेलं. वर्षश्राद्धाला फ्लेक्स लावायचा होता आणि घरात फोटो एकच, आधार कार्डावरचा.

"ह्यात त्ये चोर धरून आणल्यागत दिसत्यात," आक्का म्हणाल्या. "आमचं माणूस असं नव्हतं."

"मग कसं होतं?"

"होडीत उभं ऱ्हायचं. जाळं वढताना डावा खांदा वर."

यासीनभाईंनी पहिला पॉइंट टेकवला.

मग आक्का दर बाजाराच्या दिवशी येऊन बसू लागल्या. पाठ जरा वाकवा, गुडघा मोडा, असं चालायचं. सांगता सांगता मालक बोलण्याच्या नादात होडीतून पाण्यात कसे पडले ते आठवून त्या हसायच्या. हळूहळू यासीनभाईही बोलायला लागले. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली, घरी ते एकटेच. हमीदा हे तिचं नाव मी भिंतीपलीकडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

एके दिवशी कात्री मागायला गेलो तर स्क्रीनवर होडीतला माणूस पुरा उभा होता.

"हे झालंय की, भाई."

"कवाच झालंय," ते हळू आवाजात म्हणाले. "आता त्या आल्या की एक पॉइंट हलवतो आन परत जागेवर ठेवतो."

"मग आक्कांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं तर त्या कशाला येतील? त्यांचं सांगून संपलं न्हाय अजून." मग कात्री माझ्या हातात देत म्हणाले, "माझंबी."

श्राद्ध जवळ आलं तसा फ्लेक्स छापावाच लागला. आक्कांनी तो दुकानातच उलगडला. डाव्या खांद्यावरून हात फिरवत बराच वेळ उभ्या राहिल्या. "ह्येच," एवढंच म्हणाल्या आणि गुंडाळी घेऊन गेल्या.

पुढच्या बाजाराला यासीनभाईंनी दुकान उघडलं, पण पलीकडून माऊसचा आवाजसुद्धा येत नव्हता. दुपारी पायरीवर चपला वाजल्या.

"भाई, फ्लेक्स बेस झालाय," आक्का म्हणाल्या. "समद्यांनी वळखलं. पर टोपी जरा जास्तच मागं गेल्यागत वाटती."

"मलाबी तसंच वाटत होतं," यासीनभाई म्हणाले. "बसा, बघू."

मी चहावाल्याला दोन चहा पलीकडं द्यायला सांगितले.