एकशे ब्याण्णव अनुसूया

माणूस मेला की त्याला सर्वांत आधी फोटो लागतो. रडणं वगैरे सवडीने होतं.

अनुसूया गेल्याचं मंगळवारी सकाळी दहाला दवाखान्यात कळलं. साडेअकराला बंगळुरातल्या चामराजपेटच्या घरी असं कळलं, की तिचा धड फोटो एकच आहे. भीमसेनच्या मोबाइलात एकोणीस निघाले; सतरांत तिने पदर तोंडावर धरला होता, दोनांत ती स्वयंपाकघराकडे चालली होती. (लग्नाला एकतीस वर्षं झाली होती.) धड होता तो स्टुडिओतला. फोटोवाला म्हणाला होता, "अक्का, स्वल्प नगी," म्हणजे जरा हसा, आणि ती हसली होती. त्या स्टुडिओचं पुढे मोमोचं दुकान झालं. फोटो चौकटीत बसून भीमसेनच्या टेलरिंगच्या दुकानात, मशीनच्या वर लागला.

अकरा महिन्यांनी महादेवपुऱ्यातल्या एका संस्थेने हृदयविकाराच्या जागृतीसाठी नंदी डोंगराच्या पायथ्याने सायकल सफर ठरवली. पायथ्याच्या गावांना जागृतीची फार गरज होती. तिथले लोक रोज सायकल चालवत होते, पण कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं.

नियम असा, की प्रत्येक स्वाराने हृदयविकाराने गेलेल्या आपल्या माणसाचा फोटो पाठीवर लावायचा. स्वार दोनशे चौदा. त्यांपैकी बावीस जणांकडे आपलं मृत माणूस निघालं (एकाकडे कुत्रा; समितीने तो मोठ्या मनाने मान्य केला). उरलेल्या एकशे ब्याण्णव जणांच्या घरी सगळे ठणठणीत होते. अशा गरजूंना मृत पुरवण्याची जबाबदारी समितीने उचलली.

पाठीवरच्या कापडी पाट्या शिवायचं काम भीमसेनला मिळालं होतं. समितीची निवेदिता माप द्यायला दुकानात आली, ती मशीनच्या वर बघत राहिली.

"अण्णा, किती जेन्युइन स्माइल आहे. हार्टनेच गेल्या ना?"

"हो."

"परफेक्ट. म्हणजे, सॉरी. आम्हाला अगदी असाच फेस हवा होता. कुणाचीही मावशी वाटेल असा."

काचेवर चमक येत होती, म्हणून स्कॅन करायला तिने फोटो चौकटीतून काढून घेतला.

"पुढच्या गुरुवारी वर्षश्राद्ध आहे, ताई," भीमसेन म्हणाला. "त्याच्या आत परत पाहिजे."

"हंड्रेड पर्सेंट, अण्णा. संडेला स्टार्टिंग पॉइंटला या. हातात देते."

पाट्या छापून आल्या, प्रत्येकीवर स्वाराचा नंबर. भीमसेनने एकशे ब्याण्णव अनुसूयांना चारी बाजूंनी दोरा घातला. प्रायोजकाचं बोधचिन्ह बसवायचं असल्याने तिची हनुवटी कमी केली होती. हसायला हनुवटी लागतेच असं नाही, असं समितीचं मत पडलं असावं.

रविवारी पहाटे तो सफर जिथून निघायची त्या देवनहळ्ळीला पोचला. निवेदिता सर्वांत पुढच्या तुकडीत होती आणि पुढची तुकडी निघून गेली होती. नोंदणी नसलेल्यांना मार्गावर मनाई होती, म्हणून भीमसेनने नोंदणी केली. सायकल मिळाली. पाटी मात्र अनुसूयेची शिल्लक नव्हती. कुत्र्याच्या मालकाला सर्दी झाल्याने कुत्रा तेवढा उरला होता.

"स्वल्प अडजस्ट करा, अण्णा," टेबलावरचा माणूस म्हणाला आणि त्याने तो भीमसेनच्या पाठीला लावला.

रस्ता सुंदर होता. दोन्हीकडे द्राक्षांचे मांडव, समोर डोंगर, डोंगरावर ढग. हा डोंगर बघायचा म्हणून अनुसूया अकरा वर्षं मागे लागली होती आणि अकरा वर्षं तो म्हणत होता, पुढच्या रविवारी. आता ती एकशे ब्याण्णव ठिकाणी हसत त्याच्या पुढे चढावर चालली होती. त्याने जोर लावला. चार-पाच जणींना त्याने गाठलं. बाकीच्या गियरच्या सायकलींवर होत्या.

बाजूने जाणारा एकजण हळहळला, "अंकल, किती वर्षांचा होता?"

"मला माहीत नाही," भीमसेन म्हणाला.

त्याला पदक, केळं आणि नारळपाणी मिळालं. निवेदिताही मिळाली.

"अण्णा, एक छोटा इशू झालाय. स्वारांना द्यायच्या गिफ्टच्या पिशवीचा आम्ही एक नमुना भरला होता. त्यात फोटो होता, सेफ राहावा म्हणून. तो नमुना बाकीच्या पिशव्यांत मिसळला आणि वाटला गेला. पण फाइल आहे ना. पाठवते." फाइल आली. तिच्यातही हनुवटी नव्हती.

गुरुवारी श्राद्धाला पाटावर एक कापडी पाटी ठेवली. ती एका स्वाराने घाम पुसून रस्त्यात टाकलेली, भीमसेनने उचलून धुतलेली. गुरुजींनी विचारलं, "हा ११७ काय?"

"तिचा नंबर," भीमसेन म्हणाला. गुरुजी "सरी," म्हणजे बरं, म्हणाले आणि त्यांनी संकल्प सोडला.

समितीने सर्व स्वारांना निरोप पाठवला, की आपापली पिशवी तपासावी. त्या निरोपाला दोनशे तीन हृदयं आली. पिशवी एकानेही उघडली नाही. तिच्यात प्रोटीनची पुडी, टोपी आणि माहितीपत्रक असतं, हे आपल्याला न उघडताही ठाऊक असतं. अशा सफरींच्या पिशव्या कपाटावर ठेवायच्या असतात. तुमचीही तिथेच असेल.

चौकट अजून मशीनच्या वर आहे. फोटो मिळालेला नाही.